निरोप पोचवणारी मुले

गौरीच्या जेवणाला नात्यातल्या एका घरी गेले होते. स्वयंपाकघरात पुरणाचा आणि तुपाचा वास कोंदला होता, बाहेरच्या खोलीत पाने मांडलेली होती, आणि एवढी माणसे जमलेली असूनही त्या घरात काहीतरी ताणलेले आहे, हे दारात चपला काढतानाच जाणवत होते. घरची सून तव्यासमोर उभी होती, तिचा नवरा गॅलरीत कठड्याला टेकून खालच्या रस्त्याकडे पाहत होता, आणि त्या दोघांमध्ये त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी परकर सावरत ये-जा करत होती. आई पोळी उलटता उलटता म्हणाली, "बाबांना सांग, जेवायचं असेल तर या म्हणावं, नाहीतर पान झाकून ठेवते." मुलगी गेली. मी गॅलरीच्या दारापाशीच बसले होते, त्यामुळे तिकडचे शब्दही मला ऐकू आले. "बाबा, आई म्हणतेय, पोळी गरम आहे तोवर चल ना." बापाने मान न वळवता सांगितले, "भूक नाही म्हणावं." ती परत आली आणि आईला म्हणाली, "येतोय बाबा, दोन मिनिटांत." मग पुन्हा गॅलरीत जाऊन तिने त्याचा हात धरला आणि ओढत आणून त्याला पानावर बसवले. पंगतीतल्या एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "किती गुणाची पोर आहे!"

ते कौतुक तेव्हापासून मला टोचत आहे. मुलगी गुणाची होती यात शंका नाही. पण तिचा गुण नेमका कोणता, हे त्या पंगतीत कोणी पाहिले नव्हते. तव्यापासून गॅलरीपर्यंत जेमतेम दहा पावले असतील, आणि तेवढ्यात ती प्रत्येक निरोप बदलत होती. आईच्या वाक्यातला काटा काढून टाकत होती, बापाच्या नकाराचा होकार करत होती. फ्रिजपाशी ती क्षणभर थांबे, तिचे ओठ नुसतेच हलत, आणि मग ती पुढे जाई. हे तिला कोणी शिकवले नसणार. घरात दोन मोठ्या माणसांचा अबोला असला की मुले हे आपोआप शिकतात, आणि ते इतके बेमालूम करू लागतात की मोठ्यांना आपला अबोला फारसा जड जात नाही. निरोप पोचतो, पाने वाढली जातात, सण पार पडतो. अबोला मात्र तसाच राहतो, कारण तो चालू ठेवण्याची सोय त्या मुलीने करून दिलेली असते.

मरे बोएन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी या सोयीला त्रिकोण म्हटले. दोन माणसांमधले नाते निवांत असते तोवर दोघांचे दोघांत चालते. ताण वाढला की ती तिसऱ्याला आत ओढतात, आणि ताण तिघांत वाटला गेल्यामुळे दोघांनाही श्वास घेता येतो. त्रिकोण हा नात्यांच्या व्यवस्थेतला सर्वांत लहान टिकाऊ घटक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन पायांचे स्टूल उभे राहत नाही, तसेच हे. तिसरा पाय कोणीही होऊ शकते. सासू, नणंद, नवऱ्याचा जुना मित्र, कधी माणसाऐवजी दारू, कधी मुलाची दहावी. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये कुटुंबांबरोबर काम केलेल्या जॉन बिंग-हॉल यांनी यात आणखी एक बारकावा पाहिला. नवरा-बायकोपैकी एकाला जोडीदार दुरावण्याची धास्ती असते आणि दुसऱ्याला जोडीदार अंगावर येण्याची. अशा वेळी दोघांमधले अंतर फार वाढूही नये आणि फार घटूही नये, हे सांभाळण्याचे काम कित्येकदा मुलावर येऊन पडते. भांडण पेटू लागले की त्याचे पोट दुखते, अबोला लांबला की ते निरोप नेते. मुलाला कामाला लावावे, असा कोणाचाच हेतू नसतो. ते काम करू लागते, कारण आई-बापांमधले अंतर हा त्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

हे सगळे वाचल्यावर मला माझी आजी आठवली, आणि मी थोडी थबकले.

आमच्या वाईच्या घरी आजी-आजोबा एकमेकांशी समोरासमोर क्वचितच बोलत. तिचे लग्न झाले तेव्हा वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलणे हा उद्धटपणा समजला जाई, आणि ते वडीलधारे जाऊन कित्येक वर्षे लोटली तरी सवय राहिली. न्हाणीघराच्या चुलीपाशी बसून आजी मला म्हणे, "तुझ्या आजोबांना म्हणावं, पाणी तापलंय." मी माजघर ओलांडून पडवीत जाई. आजोबा झोपाळ्यावर पंचांग चाळत असत. ते म्हणत, "आजीला सांग, गुडघा ठणकत असेल तर आज ओढ्याच्या पायऱ्या उतरू नको म्हणावं. देवळात मी जाऊन येतो." चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत असताना मी हे सगळे जसेच्या तसे आजीला सांगे, आणि ती काही न बोलता फुंकणी उचले, पण त्या दिवशी पायऱ्या उतरत नसे. बोएनचे पुस्तक हातात घेऊन कोणी त्या घरात आले असते, तर त्याने तिथेही त्रिकोण काढला असता आणि तिसऱ्या टोकाला मला बसवले असते. मला ते पटत नाही. त्या निरोपांमधून जे जात होते तो ताण नव्हता; ती माया होती, आणि तिला उघड वाट नसल्यामुळे ती नातवंडांच्या तोंडून जात होती. मला त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही. निरोप पोचवून मी अंगणात खेळायला जाऊ शकत होते, आणि मी गेल्यावर त्या दोघांचे काही बिघडेल अशी भीती मला कधी वाटली नाही. म्हणून एखाद्या घरात मूल मध्ये आहे एवढ्यावरून काही ठरवू नये असे मला वाटते. मुलाला निरोप बदलावा लागतो का, आणि तो पोचवल्यावर त्याला मोकळे होता येते का, हे पाहावे.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे नाव अटॅचमेंट थिअरीशी, म्हणजे मायेच्या बंधाच्या सिद्धान्ताशी, जोडलेले आहे, आणि ती थिअरी म्हणजे आई आणि तान्हे मूल यांच्यापुरती गोष्ट, असा समज सर्वत्र आहे. बोल्बी १९०७ साली लंडनमधल्या एका सुखवस्तू घरात जन्मले. त्या वर्गातल्या रीतीप्रमाणे मुले दाईच्या ताब्यात असत आणि आईची भेट दिवसाकाठी थोडाच वेळ होई. त्यांना ज्या दाईचा सर्वांत लळा होता ती ते चार वर्षांचे होण्याच्या सुमारास काम सोडून गेली, आणि ते दुःख त्यांनी पुढे आयुष्यभर लक्षात ठेवले. मुलाचे मोठ्या माणसाला बिलगणे ही भुकेची युक्ती नाही, लाडावल्याचे लक्षण तर नाहीच. ती जिवंत राहण्यासाठीची मूळ गरज आहे, हे त्यांनी पुढे तीन खंडांत मांडले आणि त्यांपैकी पहिला खंड १९६९ साली आला. पण त्याच्या वीस वर्षे आधी, १९४९ साली, त्यांनी एक छोटा लेख लिहिला होता, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. एका किशोरवयीन मुलावरचे उपचार पुढेच सरकत नव्हते, तेव्हा बोल्बींनी मुलाला आणि आई-बापांना एकाच वेळी एकाच खोलीत बसवले. त्या काळात तसे करण्याची पद्धत नव्हती. सुरुवातीला तक्रारींशिवाय काही निघाले नाही. मग बोलणे हळूहळू आई-बापांच्या स्वतःच्या बालपणाकडे वळले, आणि तिघांनाही एकमेकांच्या अडचणी दिसू लागल्या. मायेच्या बंधाचा सिद्धान्त आणि सबंध कुटुंबाला एकत्र भेटण्याची रीत, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. पुढे मात्र त्यांचे रस्ते वेगळे झाले. एका रस्त्यावरचे लोक तान्ह्या मुलांचे निरीक्षण करत राहिले आणि दुसऱ्या रस्त्यावरचे घरातल्या सीमा, युती आणि त्रिकोण मोजत राहिले. त्यांची पुन्हा गाठ पडायला काही दशके जावी लागली, याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण घरातले दुखणे एकाच बाजूने पाहिले तर अर्धे दिसते.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक मूकपट केला. त्यात अडीच वर्षांचीही न झालेली लॉरा नावाची मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात आहे. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये पालकांना मुलांच्या वॉर्डात फार थोडा वेळ येऊ देत. लॉरा आकांत करत नाही. ती आपले टेडी आणि पांघरूण घट्ट धरून बसते, मधूनच शांत आवाजात आईला विचारते, चेहरा थोडा वाकडा होतो आणि लगेच पूर्ववत होतो. आई भेटायला येते तेव्हा ती तोंड फिरवते. शेवटी घरी जायच्या दिवशी आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते आणि चालू लागते, पण आईने पुढे केलेला हात धरत नाही. हा चित्रपट डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांतले अनेकजण संतापले होते. मूल इतके शहाण्यासारखे वागते आहे, मग त्याला दुःख झाले असे म्हणायचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. पंगतीतल्या आजींच्या कौतुकात मला हाच प्रश्न ऐकू येतो. शहाणे मूल आपल्याला सोयीचे असते, म्हणून त्याच्या शहाणपणामागे काय आहे ते विचारावेसे वाटत नाही.

तोंड फिरवणारी लॉरा मला संसारातही वारंवार दिसते. आठवडाभर वाट पाहिलेला नवरा शनिवारी रात्री पुण्याहून गावी पोचतो आणि बायको ताट वाढून न बोलता निघून जाते. तो म्हणतो, हिला माझे काहीच वाटत नाही. १९८७ साली सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या संशोधकांनी प्रौढांचे प्रेमही याच बंधाच्या भाषेत समजून घेता येईल असे मांडले, आणि त्याच दशकात कॅनडात स्यू जॉन्सन यांनी लेस ग्रीनबर्ग यांच्यासह दांपत्यांसाठी जी उपचारपद्धती घडवली तिचा पायाच पुढे हा झाला. एकजण टोचून बोलतो, पिच्छा पुरवतो, जुन्या गोष्टी उकरतो. दुसरा गप्प होतो, मोबाईलमध्ये तोंड घालतो, गॅलरीत जाऊन उभा राहतो. एकाचे टोचणे वाढले की दुसऱ्याचे गप्प होणे वाढते. वरवर पाहता तो पैशांचा किंवा सासरच्या माणसांचा वाद असतो. आत दोघांचाही प्रश्न एकच असतो, की मी हाक मारली तर तू येशील का. हे कळले की त्या गॅलरीतल्या माणसाकडे मला नुसत्या रागाने पाहता येत नाही. भूक नाही असे सांगणारा तो माणूस कदाचित बायको स्वतः बोलवायला येते का, याची वाट पाहत असेल. आणि तव्यासमोरची ती बाई तो आपणहून येतो का, हे पाहत असेल.

पण एवढ्यावर थांबले तर अन्याय होतो, आणि तो बहुधा बाईवरच होतो. अटॅचमेंटच्या संशोधनाने मायेची गरज सिद्ध केली खरी, पण त्याचबरोबर प्रत्येक दुखण्याचे मूळ आईच्या मांडीत शोधायची सवयही लावली. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यावर युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांमध्ये माता आणि बालकांचे निरीक्षण केले, पुढे बाल्टिमोरमध्ये त्याच वाटेने काम केले. त्यांचे निरीक्षण अतिशय बारकाईचे होते. तरीही घरात इतरही मांड्या असतात, आणि आईला स्वतःला कोणाचा आधार आहे हा प्रश्न मुलाला कोणाचा आधार आहे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो. आपल्याकडे तर मुलीने लग्नानंतर आपले सगळे आधार एका दिवसात सोडून परक्या घरात यायचे, आणि तिथे पोचल्यावर वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या कोणाचा तरी आधार व्हायचे, अशी रीत आहे. तिचा नवरा त्या घरात जन्मापासून आहे. त्याचे बंध तयार आहेत. ज्या बाईने ते बंध घातले ती त्याची आई, आणि तीही कधीतरी अशीच कोणाच्या तरी घरात एकटी आली होती. सून-सासूचे भांडण हे दोन बायकांच्या स्वभावांचे भांडण म्हणून सांगितले जाते. मधला पुरुष गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याला घरात समंजसपणा म्हणतात. त्रिकोणाची भाषा मला इथे फार उपयोगी वाटते, कारण ती त्या गप्प बसलेल्या टोकालाही मोजते.

बोएन यांच्या लिखाणातला स्वतःचे वेगळेपण राखण्याचा विचार आपल्याकडे बहुतेकदा वेगळा फ्लॅट घेणे असा पोचतो. त्यांना ते अभिप्रेत नव्हते. नाते तोडून दूर जाणारा माणूस तो ताण बरोबरच घेऊन जातो, असे त्यांनी आग्रहाने सांगितले आहे. वाकडला राहायला गेलेल्या किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या कित्येक घरांत सांगली-साताऱ्याहून येणाऱ्या रोजच्या व्हिडिओ कॉलवर घरातला पुढचा सगळा दिवस ठरतो, तेव्हा हजारो मैलांच्या अंतराने काहीच वेगळे झालेले नसते. बोएन यांनी हे स्वतःवर करून पाहिले. ते टेनेसीतल्या वेव्हर्ली या लहान गावातल्या घरी परत परत जात राहिले, आणि घरातली माणसे एकमेकांविषयी तिसऱ्याशी जे बोलत होती ते त्यांनी ज्याचे त्याच्यापाशी उघड नेऊन ठेवले. १९६७ साली फिलाडेल्फियात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ठरलेला प्रबंध बाजूला ठेवून ते आपल्याच घराची हकीकत बोलले. पुढे १९७२ साली ती छापली गेली तेव्हा घरच्या माणसांसाठी लेखकाचे नाव वगळले होते. कुटुंबाचा अभ्यास करणारा एक मोठा डॉक्टर आपल्या आई-वडिलांशी आणि भावंडांशी सरळ बोलायला शिकतो आहे, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

या विचारालाही एक मोठी मर्यादा आहे आणि ती ठामपणे सांगायला हवी. घर ही व्यवस्था आहे, प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याशी जोडलेले आहे, हे वाक्य मारहाण होणाऱ्या घरात उच्चारले तर ते मार खाणारीला अर्धा दोष देते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून स्त्रीवादी अभ्यासकांनी फॅमिली थेरपीला, म्हणजे सबंध कुटुंबावर उपचार करण्याच्या या पद्धतीला, याबद्दल खडसावले आणि ते योग्यच होते. आपल्याकडे १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, ज्यात समेटाला महत्त्व आहे आणि समुपदेशकांची तरतूद आहे. आणि त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. दोन्हींची गरज एकाच वेळी होती हे बरेच काही सांगते. जिथे जीवाची भीती आहे तिथे आधी ती बाई आणि तिची मुले सुरक्षित व्हायला हवीत. बंध, त्रिकोण आणि बालपण यांचे बोलणे त्यानंतरचे.

घरच्या माणसांना उपचारात घेण्याची कल्पना आपल्याला कोणी बाहेरून आणून दिली, असे मात्र म्हणता येत नाही. सरकारी रुग्णालयात खाटेशेजारी चटई टाकून निजलेला नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले. माणसे रुग्णाजवळ राहिली, त्याचे करू लागली, आजार समजून घेऊ लागली आणि त्याला घेऊन घरी गेली. त्याच दशकात, १९५४पासून, बोएन अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि मग सबंध कुटुंबांना वॉर्डात ठेवत होते. बोएन यांचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. अमृतसरच्या तंबूंची आठवण मनोविकारशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाला नाही, याचे मला वाईट वाटते.

माझी एक मैत्रीण गेली अनेक वर्षे दांपत्यांचे समुपदेशन करते. ओळख पटेल असे काहीही न सांगता ती कधीतरी कामाबद्दल बोलते. तिच्या खोलीत साध्या खुर्च्या आहेत, आणि येणारी माणसे कोण कुठे बसतात याकडे तिचे पहिल्यांदा लक्ष असते. एक जोडपे शाळकरी मुलाला मध्ये बसवून दोन्ही बाजूंना बसले. तिने मुलाला सांगितले, "तू खिडकीपाशी बस, तिथे चित्राची वही आहे. आईबाबांचं बोलणं आता ते दोघं करतील, तुला मदत करावी लागणार नाही." खुर्ची बदलण्याची ही रीत कुटुंबांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ साल्व्हादोर मिनुचिन यांनी फिलाडेल्फियात रूढ केली. मुलाने आधी आईकडे, मग बापाकडे पाहिले आणि दोघांपैकी कोणी नको म्हणत नाही अशी खात्री झाल्यावरच तो उठला. मग तिने त्या दोघांना खुर्च्या एकमेकांकडे वळवायला लावल्या. नवऱ्याने बोलायला सुरुवात केली ती मैत्रिणीकडे बघून, "मॅडम, हिला सांगा." ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, ती समोर आहे." बराच वेळ गेला. मग तो बायकोकडे पाहून म्हणाला, "तू माहेरी गेलीस की मला घरात करमत नाही. आणि मग तू आलीस की मी तुझ्यावरच चिडतो." बायकोला वाटत होते की आपण नसताना सासूबाईंना स्वयंपाक करावा लागतो, त्याचा त्याला राग येतो. इतकी वर्षे ती त्याच समजुतीने माहेरचे मुक्काम कमी करत आली होती.

पुढच्या वेळी मैत्रिणीने सासूबाईंनाही बोलावले. त्या सुनेबद्दलच्या तक्रारी मनाशी जुळवून आल्या होत्या. मैत्रिणीने त्या ऐकून घेतल्या, आणि मग त्यांना विचारले की त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे कोण होते.